कात्री कोणी धरायची

शिकागो, १६ नोव्हेंबर १९५८

ती. यशोदाआत्यास,

साष्टांग नमस्कार घालायचा तर इथे जमिनीवर बर्फ आहे. तेव्हा उभ्यानेच वाकतो, चालवून घे.

पत्ता बदलला आहे. वसतिगृहात सकाळी उकडलेली अंडी आणि संध्याकाळी उकडलेले बटाटे, एवढाच काय तो फेरफार असायचा. तिथून सुटलो. जिथे आम्ही सरकारी पाहुणे पोलाद ओतायला शिकतो, त्या कारखान्याच्या फाटकावर सालिह नावाचा म्हातारा पहारेकरी आहे. त्याने आपल्या घरातली माडीवरची खोली मला दिली. गोरापान, निळ्या डोळ्यांचा माणूस. मी त्याला रशियन समजत होतो. निघाला बोस्नियाचा, आणि मुसलमान. भूगोल तू शिकवतेस, बोस्निया कुठे ते मी सांगायला नको. लढाईनंतर ही मंडळी ऑस्ट्रियात निर्वासितांच्या छावणीत राहिली आणि आठ-नऊ वर्षांपूर्वी इथे आली. तिकडे साराजेवोत सालिह तांबट होता. आजही तळघरात बसून तांबं ठोकतो आणि शेजारी भिंत ठोकतात.

खोली बघायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने, हानिफाबाईंनी, आधी माझे मोजे बघितले. पातळ होते. भाडं सांगायच्या आधी त्यांनी लोकरीचे मोजे आणून पायात घालायला लावले. मग तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी आली, आणि बिनकानाचे इवलेसे पेले. कॉफी पिऊन झाल्याशिवाय या घरात कोणी कामाचं बोलत नाही.

त्यांची मुलगी शेफिकाही इथेच असते. तिचा नवरा गेल्या मार्चअखेर न्यूमोनियाने गेला. तिचे आता दिवस भरत आलेत. ती फारसं बोलत नाही.

तुझ्या हातच्या फराळाशिवाय दिवाळी गेली. अण्णांना नमस्कार सांग. ते उत्तर देणार नाहीत हे ठाऊक आहे.

तुझा,
कमलाकांत

*

गिरगाव, २ डिसेंबर १९५८

चि. कमलाकांत,

उभ्याने वाकलास ते पोचलं. आशीर्वादही उभ्यानेच देते, कारण शाळेची घंटा व्हायला आली आहे.

मोजे देणाऱ्या बाई चांगल्या असणार. त्यांना माझा नमस्कार सांग. अण्णांना मी 'युरोपियन कुटुंब' एवढंच सांगितलं. यात खोटं काही नाही. पुढचं ते विचारतील तेव्हा बघू. तुझ्या वडिलांचा स्वभाव तुला माहीत आहे. प्रभूंची चार घरं सोडली तर जगात बाकी सगळे त्यांना परकेच.

इकडची बातमी म्हणजे रघुवीरकाका बेळगावच्या सत्याग्रहात गेले आणि आत बसले. दर रविवारी लालबागहून येणारा माणूस आला नाही, तर अण्णांना चहा गोड लागेना. भांडायला कोणी नाही ना! एरवी दोघांचं काय चालतं ते तू ऐकलंच आहेस. अण्णा म्हणणार, "आम्ही मुंबईचे. महाराष्ट्र झाला काय, न झाला काय, मुंबई आमचीच." आणि रघुवीर म्हणणार, "अण्णानू, तुमची मुंबई चालवता कोण? गिरणीचो भोंगो वाजलो नाय तर तुमका जाग तरी येता काय?" मग मी मध्ये पडून पोहे देते. गेल्या रविवारी अण्णा रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "तुरुंगात त्याला धड अंथरूण तरी देतात का?" मी म्हटलं, तुम्हीच सेक्रेटरिएटात होतात, तुम्हीच सांगा.

त्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं. बाळंतपण नीट होऊ दे. तू तिथे आहेस तर वरचं कामबीम बघ, नुसता कॉफी पीत बसू नकोस.

तुझी आत्या

*

शिकागो, २५ जानेवारी १९५९

प्रिय आत्या,

नाताळच्या आठवड्यात शेफिकाला मुलगा झाला. जमाल. डोक्यावर काळंभोर जावळ घेऊनच आला आहे, इतकं की नर्स बघायला जमल्या. रस्ते बर्फाने बंद होते, म्हणून सालिह आणि मी फावड्याने वाट करत करत गाडी काढली. तुझी आज्ञा पाळली गेली.

इस्पितळात एक गंमत झाली. कारकून मुलीने विचारलं, आईचा देश कोणता? सालिह म्हणाला, बोस्निया. ती म्हणाली, असा देश नाही. तुर्कस्तान लिहू का? सालिह लालबुंद. मग युगोस्लाव्हिया लिहू? त्याने मान हलवली. शेवटी ती वैतागून माझ्याकडे वळली, "तुम्ही कोण? तुम्हीही त्याच देशाचे?" मी म्हटलं, मी मुंबईचा. ती म्हणाली, म्हणजे कुठल्या राज्यात? आत्या, काय सांगणार? म्हटलं, ते अजून ठरायचंय. सालिह इतका हसला की त्याला खुर्चीत बसवावं लागलं. त्या दिवसापासून तो मला आपल्यातलाच समजतो.

रविवारी त्याच्याबरोबर त्यांच्या कॉफीखान्यात जातो. तिथे तीस-चाळीस बोस्नियन जमतात आणि एकच वाद घालतात: आपण कोण? तरुण म्हणतात, अमेरिकन व्हा आणि सुटा. म्हातारे म्हणतात, मुसलमान आहोत ते पुरे. सालिह कोणाच्याच बाजूचा नाही. तो म्हणतो, नुसतं मुसलमान असायला बोस्निया कशाला लागतो? मग पुढे काय ते मात्र सांगत नाही.

शेफिकाची तब्येत बरी आहे. ती आता थोडं बोलते. परवा शेफिकाने मला पालकाची पिता करायला शिकवली. पोळीच्या आत पालक गुंडाळून भाजायचा, आपल्या अळूवडीचीच बहीण. शेफिका म्हणते माझे हात पीठ मळण्याच्या कामाचे नाहीत, पोलादाच्याच कामाचे.

तुझा,
कमलाकांत

*

गिरगाव, १४ फेब्रुवारी १९५९

चि. कमलाकांत,

जमालला पापा. त्याच्यासाठी माझ्या जुन्या चंदेरीचं दुपटं शिवलं आहे. तुमच्या खात्याच्या कोणाबरोबर तरी पाठवते. नवं कापड बाळाला टोचतं. हे त्या आजीबाईंना सांग; त्यांच्याकडेही असंच म्हणत असतील.

आता एक विचारते. ही शेफिका तुझ्या पत्रात फार वेळा येते आहे. आधीच्या पत्रात ती फारसं बोलत नव्हती, या पत्रात ती पीठ मळायला शिकवते आहे. तुझ्या शाळेतल्या निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की मी खाली रेघ मारत असे. या पत्रातही मारल्या आहेत. मला काही म्हणायचं नाही. रेघा मारल्या आहेत एवढंच सांगते.

रघुवीरकाका सुटून आले. वाळलेत. अण्णांनी आपली लोकरीची शाल त्यांच्या अंगावर टाकली आणि लगेच विचारलं, "काय मिळालं बेळगाव?" रघुवीर म्हणाले, "नाय. पण खरूज मिळाली." इतके हसलो की खालच्या मजल्यावरच्या चंपाबाई वर बघायला आल्या.

सालिहना सांग, आमच्याकडेही हाच वाद चालू आहे, फक्त कॉफीऐवजी चहावर.

तुझी आत्या

*

शिकागो, १० मे १९५९

प्रिय आत्या,

दुपटं पोचलं. हानिफाबाईंनी ते नाकाला लावलं आणि म्हणाल्या, याला घराचा वास आहे. कोणत्या घराचा ते मी विचारलं नाही. जमालला दुसऱ्या कशात गुंडाळलं तर तो रडतो.

माझी मुदत वाढली आहे. ऑक्टोबरऐवजी पुढच्या मार्चपर्यंत इथे असेन. नव्या भट्टीचं काम शिकायला मिळतं आहे, ते सोडणं बरं दिसलं नसतं.

सालिहने माझ्यासाठी तांब्याचं कॉफीचं भांडं घडवलं. त्यावर त्याच्या गावच्या पुलाचं चित्र कोरलंय. मी म्हटलं, मुंबईचंही काहीतरी कोर. म्हणाला, काय कोरू? मला पटकन काही सुचेना. समुद्र कोरता येत नाही, आणि अण्णांचा चेहरा कोरला असता तर कॉफी कडू झाली असती.

बाकी सगळं ठीक. तुझ्या रेघा पोचल्या.

तुझा,
कमलाकांत

*

गिरगाव, २८ जून १९५९

चि. कमलाकांत,

मुदत वाढली की वाढवून घेतलीस? भट्टीचं पालुपद मला पुरे. तुला लहानपणी खोटं बोलताना कान खाजवायची सवय होती. आता कान दिसत नाही म्हणून काय झालं?

अण्णांना 'युरोपियन कुटुंबा'चं पुढचं कळलं. तुमच्या खात्यातल्या त्या दुपटं नेणाऱ्या गृहस्थांनीच लालबागला एका लग्नात सांगितलं, मुसलमान आहेत आणि घरात तरुण विधवा मुलगी आहे. दुसऱ्याच दिवशी अण्णा दादरला जाऊन तुझ्यासाठी वासंतीला बघून आले. मुलगी आपल्यातली, बी.ए. झालेली, हसरी. मला आवडली हे लपवत नाही. फोटो सोबत आहे. मागच्या बाजूला माझी रेघ नाही.

खरं सांगू? मला भीती वाटते. तू आठ महिन्यांचा होतास तेव्हापासून माझ्या कुशीत वाढलास. वहिनी गेली आणि मी शाळेतून आले की तू दाराशी रांगत यायचास. तू तिकडेच राहिलास तर मी दार उघडून कोणाची वाट बघायची? अण्णा जातीचा विचार करतात. मी तेवढी मोठ्या मनाची नाही. मी माझा विचार करते.

उत्तर लवकर लिही. हो किंवा नाही, काहीही लिही.

तुझी आत्या

*

शिकागो, १६ ऑगस्ट १९५९

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. वासंतीचा फोटो मिळाला. हसरी आहे खरी. तिच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहितो. आज एक वेगळंच काम आहे, त्यात तुझं मत हवं.

जमालचं जावळ काढायचं आहे. सालिहने मला परवा कॉफीला बसवून सांगितलं, कात्री तू धर. मी म्हटलं, मी कशाला, तुमच्यात न्हावी नाहीत का? तेव्हा त्याने सगळं उलगडलं. बोस्नियात पहिलं जावळ दुसऱ्या धर्माच्या माणसाने कापायचं अशी रीत होती. मुसलमानाच्या मुलाचं ख्रिस्ती शेजारी कापायचा. एक बट कापली की तो त्या मुलाचा 'कूम' होतो आणि दोन्ही घरं कायमची नात्यात येतात. सालिहचं जावळ गल्लीतल्या पाववाल्याने, योवोने, कापलं होतं. सालिहच्या दोन मुलांचंही योवोच्या मुलाने. लढाईत गावात मुसलमानांना शोधत माणसं आली, तेव्हा या कूमनेच सगळ्यांना पिठाच्या कोठारात लपवलं. सालिह म्हणाला, "कॉफीखान्यात विचारतात ना बोस्नियन म्हणजे कोण? ज्याचा कूम दुसऱ्या देवाचा असतो, तो. इथे आल्यापासून आमची सगळी उठबस आमच्यातच. माझ्या नातवाला कूम नसेल तर आम्ही बोस्निया तिकडेच ठेवून आलो." मग माझा हात धरून म्हणाला, "देवाने तुला पाठवलं."

कॉफीखान्यातले काही जण कुरकुरले, की विधवा मुलीच्या घरात तरुण परका माणूस राहतो. सालिहने त्यांनाही सांगितलं, परका कसा? कूम झाला की घरचाच. कूम म्हणजे सख्ख्या नात्यासारखं. त्या घरात मग सोयरीक होत नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी कार्यक्रम आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायला तोंड होत नाही. दहा मिनिटांचं तर काम. आपल्याकडे जावळाला मामाची मांडी लागते ना? मामाच का लागतो गं?

शेफिका या विषयावर काही बोलली नाही. ती आठवडाभर माझ्याशीच बोललेली नाही.

तू सांग, काय करू?

तुझा,
कमलाकांत

*

गिरगाव, २७ ऑगस्ट १९५९

चि. कमलाकांत,

अरे, हे विचारायचं काय? धर कात्री! मामाच्या मांडीवर बसवतात, कारण बहिणीच्या मुलावर भावाचा हक्क असतो. तू जमालचा मामा झालास म्हणजे शेफिका तुझी बहीण झाली. देवाने तुला बहीण दिली नव्हती, ती अमेरिकेत दिली. मी पत्र वाचून खरंच उडी मारली, आणि माझं वय उड्या मारायचं नाही.

अण्णांना लगेच सांगितलं. त्यांचा चेहरा असा खुलला की त्यांनी स्वतःहून बाजारातून पापलेट आणलं. "बहीण मानली म्हणजे पोरगा सरळ आहे," असं दोनदा म्हणाले. ते गृहस्थ उद्याच्या विमानाने तिकडे यायला निघतायत. त्यांच्याबरोबर हे पत्र आणि शेफिकासाठी हिरवा खण पाठवते आहे. तिला सांग, नवऱ्यामुलाच्या नव्हे, भावाच्या घरचा आहे, निःशंक घे.

आणि आता वासंतीचं लिही.

घाईत,
आत्या

*

गिरगाव, २९ ऑगस्ट १९५९

कमलाकांत, बाळा,

परवाचं पत्र विमानातून निघून गेलं आहे आणि मला ते परत ओढून आणता येत नाही. हे पोस्टाने येतंय, तेव्हा मागून पोचेल. तरी त्या रविवारच्या आत पोचावं म्हणून आज शाळा बुडवून जीपीओत जाऊन टाकणार आहे.

काल तुझं पत्र पुन्हा वाचलं, या वेळी बाईंसारखं नीट. 'नाही म्हणायला तोंड होत नाही.' हो म्हणायला आनंद होतो असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. आणि ती आठवडाभर बोललेली नाही. ज्या मुलीला भाऊ मिळणार, ती गप्प का बसेल? मी खुळी, मला खण सुचला.

तुला एक सांगते. घरात आता अण्णांशिवाय हे कोणाला माहीत नाही, आणि अण्णाही ते विसरल्यासारखं वागतात.

तू रघुवीरना काका म्हणतोस. का म्हणतोस ते तू कधी विचारलं नाहीस. मी ट्रेनिंग कॉलेजात होते तेव्हा ते आपल्या माडीवर अण्णांकडे इंग्रजी शिकायला येत. दिवसपाळी करून यायचे, केसांत कापसाचे तंतू असायचे. अण्णांना शिकवायचा कंटाळा, म्हणून पुढे पुढे मीच शिकवू लागले. शिकवता शिकवता व्हायचं ते झालं. आम्ही एकमेकांना काही म्हटलंसुद्धा नव्हतं. पण घरात कळलं. माझ्या वडिलांनी आवाज चढवला नाही. त्यांनी भाऊबीजेला रघुवीरना जेवायला बोलावलं, पाट मांडला, आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात ताम्हन दिलं. "यशोदे, ओवाळ."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी निरांजनाकडे बघितलं. आणि ओवाळलं. वडील म्हणाले, "चला, रघुवीर आता घरचाच झाला." आणि खरंच झाला. त्याला दार कायमचं उघडं झालं, आणि मला कायमचं बंद. पुढे त्याने गावच्या मुलीशी लग्न केलं, ती बिचारी लवकर गेली. मी दर भाऊबीजेला त्याला ओवाळते. तो दरवर्षी ताटात काहीतरी घालतो आणि वर बघत नाही.

त्या दिवशी मी ताम्हन खाली ठेवलं असतं तर काय झालं असतं मला ठाऊक नाही. कदाचित दोघांनाही घालवून दिलं असतं. पण ते माझ्या हातात होतं.

म्हणून सांगते. ती तुला बहिणीसारखी वाटत असेल तर खुशाल कात्री धर, चांगलं नातं आहे. तशी वाटत नसेल तर धरू नकोस. सालिह भला माणूस आहे आणि माझे वडीलही भलेच होते. भल्या माणसांना नाही म्हणणंच कठीण जातं. ती मुसलमान आहे, विधवा आहे, पदरात मूल आहे, आणि मी तिला पाहिलेलं नाही. सगळं मला दिसतंय, भीतीही वाटतेय. अण्णांचं मी बघते. परवाचं पत्र फाडून टाक.

तुझी आत्या

*

शिकागो, २० सप्टेंबर १९५९

माझ्या आत्या,

तुझं दुसरं पत्र बुधवारी आलं. कार्यक्रम त्याच्या आदल्या रविवारीच झाला. घाबरू नकोस, पुढे वाच.

पहिलं पत्र आणि खण वेळेवर पोचले होते. तू उडी मारलीस, अण्णांनी पापलेट आणलं, हे वाचल्यावर मी ठरवून टाकलं. म्हटलं, सगळ्यांना एवढा आनंद होतोय तर माझं एकट्याचं काय घेऊन बसायचं. खण शेफिकाला दिला आणि म्हटलं, माझ्या आत्याने पाठवलाय. काय म्हणून, ते सांगितलं नाही.

रविवारी कॉफीखाना सगळा घरात होता. हानिफाबाई जमालला मांडीवर घेऊन बसल्या, गळ्याभोवती तुझंच दुपटं. सालिहने स्वतः घडवलेलं तांब्याचं तबक पुढे केलं, त्यात कात्री. मी कात्री उचलली. तेवढ्यात शेफिका आतून आली. हातात खणाची घडी. तिने इंग्रजीत विचारलं, "हे तुझ्या आत्याने कोणाला पाठवलंय?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीला." ती म्हणाली, "मग ते तुझ्या बहिणीला दे. मला दोन भाऊ आहेत, साराजेवोत. तिसरा मी कोणाकडे मागितला नव्हता." आणि म्हाताऱ्यांनाही कळावं म्हणून तेच आपल्या भाषेत पुन्हा सांगितलं.

आत्या, मी कात्री तबकात ठेवली. सालिहला म्हटलं, "मला माफ करा. मला कूम होता येणार नाही." त्याने कारण विचारलं नाही. मटकन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मग आता माझ्या नातवाला कूम कुठून आणू?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उत्तर हानिफाबाईंनी दिलं. म्हणाल्या, "समोर दुकान आहे." समोर कोस्टा नावाचा ग्रीक वाणी आहे. नऊ वर्षं या घरात त्याच्याकडूनच पीठ येतं, आणि नऊ वर्षांत त्याला कोणी या घराचा उंबरा ओलांडायला सांगितलं नव्हतं. सालिहने खिडकीतून त्या दुकानाकडे बघितलं. मग टोपी चढवून स्वतः गेला. दहा मिनिटांनी कोस्टा आला, तसाच दुकानातला एप्रन घालून, हात पुसत. काय करायचं ते कळल्यावर तो मोठा बाप्या रडायलाच लागला. कात्री त्याने इतकी हळू चालवली की जमालला पत्ता लागला नाही. कॉफी रात्री उशिरापर्यंत चालली.

सालिह माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर कॉफीचं भांडं ठेवून म्हणाला, "तुझी कॉफी फार वाईट होते. जावयाची अशी चालत नाही. शिक." शेफिका शेजारीच होती. ती म्हणाली, "मी भाऊ नको म्हटलं. बाकी अजून काही म्हटलेलं नाही." तेव्हा एवढंच हातात आहे, आणि मी हवेत चालतोय. पण तिने तुझ्या भूगोलाच्या पुस्तकासारखा एक नकाशा आणलाय आणि त्यात मुंबई शोधून काढली आहे. काल विचारत होती, तिथे आम्हाला काय म्हणतील? मी म्हटलं, आधी परके म्हणतील. मग माझी आत्या भेटेल.

मार्चमध्ये मी येणार हे नक्की. एकटा की तिघं, ते तिला ठरवू दे. दार उघडं ठेव.

तुझं पत्र मी तिला इंग्रजीत वाचून दाखवलं. रागावू नकोस. तिने एकच विचारलं: ते अजून येतात का? मी म्हटलं, दर रविवारी.

तुझा,
कमलाकांत

*

गिरगाव, ६ नोव्हेंबर १९५९

चि. कमलाकांत,

तुझं पत्र पदरात बांधून फिरले. अण्णांना सांगायला मला दिवाळीपर्यंत धीर झाला नाही. सांगितलं तेव्हा ते जेवणावरून उठले आणि दोन वेळा जेवले नाहीत. तिसऱ्या वेळी पानावर बसले आणि भात कालवता कालवता म्हणाले, "त्या पोराचं नाव काय म्हणालीस?" म्हटलं, जमाल. मग वासंतीच्या घरी आपल्या हाताने नकाराचं पत्र लिहिलं. त्यांचा राग गेलेला नाही, जाईल असंही मी म्हणत नाही. तुम्ही आलात तर पहिले काही महिने कठीण जातील. शेजारपाजार बोलेल, नातेवाईक येणं बंद करतील. शेफिकाला हे सगळं आधी सांग, गोड करून सांगू नकोस. आणि हेही सांग की माझ्या खोलीत दोन खिडक्या आहेत, त्यातली समुद्राकडची मी बाळासाठी रिकामी केली आहे. खण तिने ठेवून घ्यावा. कोणत्याही नात्याने शिवून घालता येतो असा रंग आहे.

भाऊबीज झाली. रघुवीर आले, हातात पेढे. मुंबई मिळणार अशी बोलवा आहे म्हणून खुशीत होते. अण्णा पेपर घेऊन बसलेले. मी पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. ते सवयीने पाटावर बसले आणि सवयीने खाली बघू लागले. मी ताम्हन उचललं. आणि रे, मी ते खाली ठेवलं.

म्हटलं, "रघुवीर, मी यापुढे ओवाळणार नाही."

अण्णांचा पेपर खाली आला. रघुवीरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वर केली. त्यांचे केस आता पांढरे आहेत, तेव्हा कापूस लागलाय की नाही ते कळत नाही. मग अगदी हळू म्हणाले, "मगे मी खंय बसू?"

मी अण्णांकडे बघितलं नाही. टेबलाशी माझ्या शेजारची खुर्ची ओढली. म्हटलं, "इथे."

ते उठले आणि येऊन बसले.

तुझी आत्या